‘प्लीज बी ॲडव्हाइज्ड’ – यात सल्ला कुठाय?

अर्धविराम
लोकहो, भाषांतराच्या कामात एका शब्दाने वैताग आणलाय. ॲडव्हाइज. शाळेत शिकलो ॲडव्हाइज म्हणजे सल्ला देणे, विषय संपला. आता एकाच क्लायंटच्या कागदांत हे बघा:

‘प्लीज बी ॲडव्हाइज्ड दॅट द ऑफिस विल रिमेन क्लोज्ड ऑन मंडे’
‘यू आर ॲडव्हाइज्ड टु सबमिट द डॉक्युमेंट्स बाय फ्रायडे, फेलिंग विच...’
‘काइंडली ॲडव्हाइज’ (एवढंच! पुढे काही नाही, खाली सही)

पहिल्यात सल्ला कुणी कुणाला दिला? ऑफिस बंद राहणार हा काय सल्ला झाला? दुसऱ्यात सल्ला म्हणायचं आणि ‘फेलिंग विच’ म्हणून दंडाची धमकी पण द्यायची. आणि तिसऱ्यात तर नक्की काय हवंय तेच कळत नाही, सल्ला की उत्तर की परवानगी. तिन्ही ठिकाणी ‘सल्ला’ लिहिलं तर वाचणारा हसेल. तुम्ही काय करता अशा वेळी?

कानामात्रा
पहिल्याचं उत्तर सोपं आहे, आपल्याकडे तयार वाक्यच आहे की: ‘आपणांस कळविण्यात येते की’. शब्दशः तेच, कर्मणीसुद्धा तसंच, कोण कळवतंय ते लपवायची सोय पण तीच :)

ॲडव्हाइजला दोन वेगळे अर्थ आहेत आणि दुसरा अर्थ ‘कळवणे’ हाच आहे, कुठल्याही बऱ्या डिक्शनरीत मिळेल. खूण सांगतो. ॲडव्हाइजच्या मागून ‘ऑफ’ आला किंवा नुसती माहिती देणारं ‘दॅट’ आलं की बहुतेक वेळा कळवणे. ‘ऑन’ आला की सल्ला. ‘ॲडव्हाइज्ड हिम ऑफ द रिस्क’ म्हणजे धोक्याची कल्पना दिली, पुढे तो काय करेल ते त्याचं. ‘ॲडव्हाइज्ड हिम ऑन द रिस्क’ म्हणजे धोक्याबाबत काय करावं हे सांगितलं. ‘अगेन्स्ट’ आला तर नको करू म्हणून सांगितलं.

अमेरिकन पोलिसांच्या बातम्यांत ‘ही वॉज ॲडव्हाइज्ड ऑफ हिज राइट्स’ असतं ना, १९६६ च्या मिरांडा निकालानंतरचं ते प्रकरण, तिथे पोलीस त्याला सल्ला देत नाहीत की बाबा तू गप्प बस. गप्प बसायचा हक्क तुला आहे एवढं फक्त सांगतात. मराठी बातम्यांत याचं ‘हक्कांबाबत सल्ला दिला’ केलेलं वाचलंय मी, डोक्याला हात लावला.

रानपाखरू
काइंडली ॲडव्हाइज म्हणजे ‘तुम्हीच ठरवा, उद्या काही झालं तर माझ्यावर नको’ 😀

निळीशाई
@रानपाखरू हसू नका, खरंय ते. आमच्याकडे त्याला ‘मार्गदर्शन मागवलं’ म्हणतात, फाइल वर सरकली की आपण मोकळे.

बाकी मला एक वेगळंच खुपतं. लोक ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइज’ यात फरकच करत नाहीत. सी वालं नाम, उच्चार स. एस वालं क्रियापद, उच्चार झ कडे जाणारा. ‘प्लीज ॲडव्हाइस’ असं सी घालून लिहिलेला मेल रोज एक तरी येतो. आणि ‘ॲडव्हाइसेस’! ‘ही गेव्ह मी मेनी ॲडव्हाइसेस’. ॲडव्हाइस मोजता येत नाही हो, पाणी किंवा माहिती मोजत नाही तसंच, ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणायचं नाहीतर ‘सम ॲडव्हाइस’. मराठीत सल्ला मोजता येतो, एक सल्ला, दोन सल्ले, हजार सल्ले, त्यामुळे आपली गाडी तिथे घसरते.

खलाशी
ताई, जरा थांबा, ॲडव्हाइसेस चूक नाही. म्हणजे तुम्ही दिलेल्या वाक्यात चूकच, पण आमच्या एक्स्पोर्टच्या धंद्यात तो रोजचा शब्द आहे. रेमिटन्स ॲडव्हाइस, क्रेडिट ॲडव्हाइस, डेबिट ॲडव्हाइस, हे सगळे कागद आहेत, सल्ले नव्हेत, आणि कागद असल्यामुळे मोजता येतात. पैसे पाठवले, जमा झाले, वळते केले, याची चिठ्ठी म्हणजे ॲडव्हाइस. जुन्या इंग्रजी पेपरांत तर बाहेरगावाहून आलेल्या बातम्यांनाच ‘ॲडव्हाइसेस’ म्हणायचे, लेटेस्ट ॲडव्हाइसेस फ्रॉम अमुक बंदर वगैरे.

आणि खरी गंमत लेटर ऑफ क्रेडिटमध्ये (एलसी, म्हणजे मालाच्या पैशाची खरेदीदाराच्या बँकेने दिलेली लेखी हमी). त्यात एक ‘ॲडव्हायझिंग बँक’ असते. नवीन आलेल्या पोरांना वाटतं ही बँक आपल्याला सल्ला देणार, व्यवहार करावा की नाही, पार्टी कशी आहे. छे! ती फक्त सांगते की बाबा तुझ्या नावाने तिकडच्या बँकेने एलसी उघडलंय, हे घे. आमचं सगळं चालतं ते यूसीपी ६०० या नियमांवर (१ जुलै २००७ पासून लागू आहेत), त्याच्या कलम ९ मध्ये स्वच्छ आहे की ॲडव्हायझिंग बँक पैसे द्यायची कुठलीही जबाबदारी न घेता ॲडव्हाइज करते. तिची हमी एवढीच की कागद वरवर पाहता अस्सल दिसतोय आणि आपल्याकडे जे आलं तेच बरोबर पुढे दिलं. पैशाची हमी हवी तर ती बँक ‘कन्फर्मिंग’ पण असावी लागते, त्याचे वेगळे पैसे. आता या दोन शब्दांतला फरक ज्याला कळला नाही तो माल जहाजावर चढवून बसतो आणि मग बँकेत जाऊन भांडतो की तुम्हीच तर ॲडव्हाइज केलं होतं.

तर मराठीत ‘सल्लागार बँक’ लिहू नका रे कोणी. ‘सूचक बँक’ किंवा सरळ ‘कळवणारी बँक’ लिहा. आम्ही तर बोलताना ॲडव्हायझिंग बँकच म्हणतो.

निळीशाई
@खलाशी हे माहीत नव्हतं, मस्त. पण मग ‘कळवणे’ हा अर्थ नंतर चिकटला का? बँकवाल्यांनी लावलेला?

कानामात्रा
नाही, उलट सल्ल्याच्या अर्थाचंही मूळ जरा दुसरीकडेच आहे. हा शब्द आला जुन्या फ्रेंचमधल्या ‘आव्ही’वरून, तो मुळात ‘मला असं दिसतं’ या अर्थाच्या एका वाक्प्रयोगातून सुटा झालेला तुकडा. आत लॅटिनमधलं बघणे आहे, व्हिजन, व्हिजिट, व्हिडिओ यांच्यातलंच. मधला ‘ड’ तर फ्रेंचमधून आला तेव्हा नव्हताच, नंतर लॅटिनचं वळण द्यायला पंडितांनी घुसवला. म्हणजे सुरुवातीला ॲडव्हाइस म्हणजे फक्त ‘मत, मला काय दिसतंय ते’. तिथून दोन फाटे: मला असं दिसतंय तर तू असं कर (सल्ला), आणि मला असं दिसतंय ते तुला सांगतो (वर्दी). फ्रेंचमध्ये अजून ‘आव्ही’ म्हणजे मतही आणि जाहीर सूचनाही. स्पॅनिशमध्ये ‘आव्हिसो’ म्हणजे सूचना, इशारा. आणि निरोप घेऊन पळणारी छोटी वेगवान लढाऊ जहाजं असायची त्यांनाही ‘आव्हिसो’च म्हणत, खलाशीभाऊंना आवडेल हे.

तिसरा एक फाटा होता तो आता जवळजवळ वाळलाय: विचार करणे. स्वतःशीच बघणे. त्याची पोरंबाळं मात्र अजून फिरतायत आणि लोकांना फसवतायत. ‘ॲडव्हाइजडली’ म्हणजे सल्ल्यानुसार नव्हे! ‘आय यूज द वर्ड ॲडव्हाइजडली’ म्हणजे हा शब्द मी पूर्ण विचार करून, मुद्दाम वापरतोय. ‘इल-ॲडव्हाइज्ड’ म्हणजे अविचारी, त्याला कोणी वाईट सल्ला दिलाच पाहिजे असं नाही, एकट्यानेसुद्धा माणूस इल-ॲडव्हाइज्ड वागू शकतो, किंबहुना एकटाच जास्त. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात लग्नाच्या विधीत हे आहे, लग्न ‘अनॲडव्हाइजडली’ करू नये म्हणून. कोणाला न विचारता करू नये असा अर्थ नाही, विचार न करता करू नये.

रानपाखरू
दोन्ही अर्थ लावले तरी चालेल की तिथे 😂

कोर्टकचेरी
विचार करणे वाला अर्थ आमच्याकडे जिवंत आहे हां. काही हायकोर्टांच्या निकालांवर ‘सी.ए.व्ही. जजमेंट’ छापलेलं असतं, ते ‘क्युरिया ॲडव्हिसारी व्हुल्ट’ या लॅटिन वाक्याचं लघुरूप. कोर्टाला विचार करायचा आहे, म्हणजे निकाल राखून ठेवला. अमेरिकेतले जज तेच ‘टेकन अंडर ॲडव्हाइजमेंट’ म्हणतात. पेपरवाले याचं ‘कोर्टाने सल्ला घेण्यासाठी’ करतात, अरे कोर्ट कुणाचा सल्ला घेणार.

पण धागाकर्त्याच्या दुसऱ्या वाक्याकडे या. सल्ला म्हणायचं आणि न पाळण्याची सोय ठेवायची नाही, हा काही तुमच्या क्लायंटचा शोध नाही, राज्यघटनांत हेच चालतं. ब्रिटनमध्ये राजाला मंत्री ‘ॲडव्हाइस’ देतात आणि राजा ती पाळतोच. २०१९ मध्ये पार्लमेंट स्थगित केलं होतं तेव्हा तिथल्या सुप्रीम कोर्टाने (२४ सप्टेंबर, ११ न्यायाधीश, एकमताने) काय म्हटलं? पंतप्रधानांनी राणीला दिलेली ॲडव्हाइस बेकायदेशीर होती. आता साधा सल्ला बेकायदेशीर कसा असेल? मी तुम्हाला म्हटलं उद्या पार्लमेंट बंद करा तर कोर्ट हसेल. तो बेकायदेशीर ठरतो कारण तो नावालाच सल्ला आहे, प्रत्यक्षात निर्णयच आहे.

आपल्या कलम ७४ मध्ये ‘एड अँड ॲडव्हाइज’ असं आहे, मंत्रिमंडळ राष्ट्रपतींना. मूळ मजकुरात हा सल्ला पाळलाच पाहिजे असं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, ते १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने घातलं. मग १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एवढी सोय दिली की राष्ट्रपती एकदा फेरविचाराला परत पाठवू शकतात, पण फेरविचार होऊन आला की तसंच वागायचं. आणि याच घटनेत कलम १४३ आहे, त्यात राष्ट्रपती सुप्रीम कोर्टाचं मत मागवतात, वकील मंडळी त्याला ॲडव्हायझरी ज्युरिसडिक्शन म्हणतात, आणि ते मत सरकारवर बंधनकारक नाही. म्हणजे एका ठिकाणी सल्ला पाळावाच लागतो, दुसऱ्या ठिकाणी नाही, आणि शब्द बघून काहीही कळत नाही. कोण देतोय आणि कोणत्या खुर्चीवरून देतोय ते बघायचं. माझं तरी हेच मत आहे, ॲडव्हाइज शब्दाला स्वतःचं वजन नाही, ते खुर्चीचं असतं.

शेपूटपंख
वजनावरून, विमानातलं सांगतो. टीकॅस नावाची यंत्रणा असते, दोन विमानं धोकादायक जवळ आली की वैमानिकाला बोलून सांगते. तिचे दोन प्रकारचे इशारे. ट्रॅफिक ॲडव्हायझरी: जवळ कोणीतरी आहे, बघा. रिझोल्यूशन ॲडव्हायझरी: वर चढा किंवा खाली उतरा, आत्ता. दोन्हींना ॲडव्हायझरीच म्हणतात! पहिलीवर उगाच विमान वळवायचं नाही आणि दुसरीवर काही सेकंदांत हात चालला पाहिजे, चर्चा नाही.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत यूबरलिंगेन गावावर एक तुपोलेव प्रवासी विमान आणि एक मालवाहू बोईंग ७५७ एकमेकांची वाट छेदत एकाच उंचीवर होते. तुपोलेवला जमिनीवरचा कंट्रोलर म्हणाला खाली या. त्यांचं टीकॅस म्हणालं वर जा. बोईंगला त्याचं टीकॅस म्हणालं खाली जा. बोईंगने टीकॅसचं ऐकलं, तुपोलेवने कंट्रोलरचं, दोन्ही खाली आले आणि धडकले. ७१ माणसं गेली, त्यात बरीच शाळकरी मुलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत एकदम स्पष्ट केलं गेलं की रिझोल्यूशन ॲडव्हायझरी आणि कंट्रोलरची सूचना यांत फरक पडला तर ॲडव्हायझरीच पाळायची.

मला तेव्हापासून वाटतं की त्या वस्तूला ‘ॲडव्हायझरी’ नाव ठेवणंच चूक. कमांड म्हणायला हवं होतं.

कोर्टकचेरी
@शेपूटपंख हादरवणारं आहे. पण नावाला दोष नको द्यायला असं वाटतं. वैमानिक काय डिक्शनरी बघून ठरवतो का? त्या वेळी नियमच एकमेकांशी जुळत नव्हते असं चौकशी अहवालात आहे ना?

शेपूटपंख
आहे. नियम आणि मॅन्युअल अपुरे आणि काही ठिकाणी परस्परविरोधी होते, आणि तुपोलेवच्या लोकांना मिळालेल्या शिकवणीत कंट्रोलरला झुकतं माप होतं. शिवाय त्या रात्री कंट्रोलर एकटा दोन जागा सांभाळत होता, फोन लाइन बंद, रडारवरची धोक्याची सूचना देणारी सोय देखभालीसाठी कमी केलेली. नावाने अपघात झाला असं मी म्हणत नाही. पण नियम लिहिणाऱ्यालाच जर वाटत असेल की ही ‘मदत’ आहे, बॅकअप आहे, तर ते कुठून आलं? नावातूनच थोडं तरी झिरपतं. तुमचं राष्ट्रपती-मंत्रिमंडळाचं ठीक आहे, तिथे फाइल परत पाठवायला वेळ असतो.

कोर्टकचेरी
हा मुद्दा मान्य नाही पण खोडताही येत नाहीये.

निळीशाई
हवामानवाले बरोबर उलटं करतात बघा. अमेरिकेत वॉर्निंग म्हणजे जिवाला धोका, आणि ॲडव्हायझरी त्याच्या खालची पायरी, गैरसोय होईल, जपून. म्हणजे विमानात ॲडव्हायझरी ऐकली नाही तर मेलात आणि हवामानात ऐकली नाही तर भिजलात.

साधीभोळी
मी इतका वेळ नुसती वाचत होते, एक विचारू? कौन्सेल आणि ॲडव्हाइज एकच ना मग? आणि कौन्सिल वेगळं? आमच्या मुलाच्या शाळेत ‘स्टुडंट कौन्सिलर’ लिहिलंय दारावर आणि आत समुपदेशक बसतात, ते बरोबर आहे का?

कानामात्रा
@साधीभोळी चुकलंय पाटीवर. कौन्सिल म्हणजे परिषद, मंडळ, त्याचा सदस्य कौन्सिलर म्हणजे नगरसेवक वगैरे. कौन्सेल म्हणजे सल्ला, सल्ला देणारा कौन्सेलर. लॅटिनमध्ये मूळ शब्दच दोन होते, एक बैठकीचा आणि एक मसलतीचा, फ्रेंचमार्गे इंग्रजीत येताना गुंता झाला आणि मग परत स्पेलिंगने वेगळे केले, उच्चार मात्र एकसारखाच राहिला. कोर्टात ‘कौन्सेल’ म्हणजे वकील स्वतःच, अनेकवचनातही कौन्सेलच. आणि ‘टु कीप वन्स ओन कौन्सेल’ म्हणजे स्वतःला सल्ला देणं नाही, मनातलं मनात ठेवणं, पोटात ठेवणं.

मध्यमा
समुपदेशकांचा विषय निघालाच आहे तर माझ्या क्षेत्राचं सांगते, मी हेच काम करते. आमच्या नावातच सल्ला आहे आणि आम्हाला पहिली गोष्ट शिकवतात ती ही की सल्ला द्यायचा नाही!

हे असं झालं कसं, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘कौन्सेलिंग’ म्हणजे खरंच मार्गदर्शन होतं, बॉस्टनला १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी व्होकेशन ब्यूरो काढला, तरुण मुलांना कोणता व्यवसाय घ्यावा हे ठरवायला मदत करायला. मग १९४२ मध्ये कार्ल रॉजर्स यांनी ‘कौन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यात नेमकी सल्ला देण्याच्याच पद्धतीवर टीका केली, समोरच्याला बोलू द्या, दिशा त्याची त्याला सापडू द्या असं मांडलं. शब्द राहिला आणि काम बदललं. जेनेटिक कौन्सेलिंग म्हणतात, हा शब्द शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये काढला, त्यातही हेच: आजार पुढच्या पिढीत जायची शक्यता किती ते समजावून सांगायचं, मूल होऊ द्यायचं की नाही हे मात्र सांगायचं नाही.

त्यामुळे समोरचा माणूस येऊन बसतो आणि पहिलं वाक्य ‘तुम्हीच सांगा मी काय करू’. मराठीत तर ‘समुपदेशन’ म्हणून ठेवलंय, त्यात चक्क उपदेश! म्हणजे इंग्रजीत निदान सल्ला होता, आपण एक पायरी वर चढवून उपदेशाच्या व्यासपीठावर नेलं. सल्ला मागितल्यावर देतात, उपदेश न मागता ऐकावा लागतो. पेशंट तोंड वाकडं करून येतात त्यात नवल नाही.

अर्धविराम
बापरे, धागा कुठल्या कुठे गेला, वाचतोय सगळं. मध्यमाताई, उपदेशावरून आठवलं, मी दुसऱ्या वाक्यासाठी ‘ताकीद’ वापरायचा विचार करतोय, पण ‘ताकीद’ जरा जास्तच होतं का? ‘यू आर ॲडव्हाइज्ड’ निदान दिसायला तरी मऊ आहे.

निळीशाई
सूचना वापर ना सरळ. ‘सूचना देण्यात येत आहे’. बघ, ‘माझी एक सूचना आहे’ म्हणजे विनंतीवजा मत. ‘सूचना फलक’ म्हणजे नुसती माहिती. ‘सक्त सूचना’ म्हणजे हुकूम. तिन्ही अर्थ एकाच शब्दात आणि किती जोरात आहे ते वाचणाऱ्याने खुर्ची बघून ठरवायचं, कोर्टकचेरी म्हणाले तसं. आपण उगाच शाळेपासून ‘सल्ला’ला धरून बसलोय. बरं सल्ला तरी कुठला आपला, सल्ला आणि मसलत दोन्ही अरबी-फारसीतून आलेत.

कोर्टकचेरी
सूचना छान आहे पण कायद्याच्या कागदात नको, तिथे ‘नोटीस’लाही सूचना म्हणतात आणि मग मुदत कधीपासून धरायची यावर वाद होतो. दंड लागणार असेल तर ‘कागदपत्रे शुक्रवारपर्यंत सादर करावीत, अन्यथा...’ एवढंच लिहा, ॲडव्हाइज्ड गाळून टाका. तो मऊपणा इंग्रजी लिहिणाऱ्याच्या सोयीचा आहे, वाचणाऱ्याच्या नाही.

डॉ_पाटीपेन्सिल
आमच्या केसपेपरवर ‘ॲडव्ह.’ लिहून खाली गोळ्या, तपासण्या, कधी ‘ॲडव्ह. ॲडमिशन’. तो सल्लाच असतो खराखुरा, न पाळायचा हक्क पेशंटला आहे आणि तसं करून घरी गेला तर ‘अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस’ अशी नोंद करून सही घेतो. पण त्या नोंदीला अर्थ केव्हा, तर आधी धोके नीट सांगितले असतील तर. म्हणजे कानामात्रांच्या भाषेत ‘ऑफ’ वालं ॲडव्हाइज आधी, ‘टु’ वालं नंतर. नुसतं ‘ॲडमिट व्हा’ लिहिलं आणि का ते सांगितलं नाही तर सही असून नसल्यासारखी.

रानपाखरू
ग्रामरचं एक राहिलं. ‘ही सजेस्टेड मी टु गो’ चूक पण ‘ही ॲडव्हाइज्ड मी टु गो’ बरोबर, असं का? अर्थ तर तोच.

कानामात्रा
सजेस्ट केली जाते ती कल्पना, माणूस नाही, म्हणून सजेस्टच्या लगेच मागे माणूस ठेवून ‘टु’ लावता येत नाही. ‘सजेस्टेड दॅट आय गो’ किंवा ‘सजेस्टेड गोइंग’. ॲडव्हाइजला माणूस चालतो. पण माणूस काढलास तर ॲडव्हाइजचंही ‘टु’ जातं: ‘ॲडव्हाइज्ड टु गो’ नव्हे, ‘ॲडव्हाइज्ड गोइंग’. रेकमेंड दोन्हीच्या मध्ये कुठेतरी लटकलाय, त्याच्या मागे माणूस ठेवून ‘टु’ काही लोक लिहितात, माझ्या कानाला खटकतं.

अर्धविराम
शेवटचं, मग पिडत नाही. ॲडव्हायझर, ई आर की ओ आर? त्याच कागदांत दोन्ही आहेत आणि क्लायंट म्हणतो एकसारखं करा.

खलाशी
दोन्ही चालतात. ई वालं जुनं, ओ वालं ‘ॲडव्हायझरी’च्या ओढीने वाढलेलं. पण गुंतवणुकीचे कागद असतील तर मनाने बदलू नको, अमेरिकेचा १९४० चा कायदा ‘इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर्स ॲक्ट’ ई ने आहे आणि सेबीची २०१३ ची रेग्युलेशन्सही ई नेच. क्लायंटच्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर जे असेल ते ठेव, आणि नावात ओ असेल तर नावाला हात लावू नको.

अर्धविराम
नावात ओ, मजकुरात ई. कळलं. उद्या त्यांना विचारतो, मेलच्या शेवटी ‘काइंडली ॲडव्हाइज’ टाकून.